लॅटिन युद्धकथांतलं बोलणं आणि मनातलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिन शिकणारे विद्यार्थी आणि भाषांतरातून रोमन इतिहास वाचणारे वाचक काही प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, अडचणीचे अपवाद पुढे. "४.२५" असं दिसलं तर ग्रंथ ४, प्रकरण २५ असं वाचावं. जी गोष्ट एका उत्तरात आली आहे ती पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "लॅटिन युद्धकथा" म्हणजे नेमके कोणते लेखक? सुरुवात कुठून करू?

गद्यात मुख्य पाच. ज्युलियस सीझरच्या "गॅलिक युद्धा"चे सात ग्रंथ इ.स.पू. ५८ ते ५२ या काळाचे आहेत. आठवा त्याचा सहकारी हिर्टियस याने लिहिला. सीझरचंच "यादवी युद्ध" तीन ग्रंथांत आहे. सॅलस्टची कॅटिलाइनच्या कटावर आणि नुमिडियाचा राजा जुगुर्था याच्या युद्धावर दोन छोटी पुस्तकं आहेत. लिव्हीचा इतिहास मुळात १४२ ग्रंथांचा, त्यातले ३५ उरले. मग टॅसिटस, आणि चौथ्या शतकातला अमियानस मार्सेलिनस, जो मूळचा अँटिऑकचा ग्रीक असून लॅटिनमध्ये लिहीत होता.

बोलणं आणि विचार यांच्यावरच लक्ष ठेवायचं असेल तर "गॅलिक युद्धा"च्या दुसऱ्या ग्रंथातली साबिस नदीवरची लढाई आधी वाचा, मग थेट सातवा ग्रंथ. लिव्ही त्यानंतर. कवितेबद्दल प्रश्न १४ पाहा.

२. जुन्या हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती. मग कोण बोलतंय हे ओळखायचं कसं?

अवतरणचिन्हं आजच्या संपादकांनी घातली हे खरं. पण लॅटिन वाक्याची घडणच पुरेशी खूण देते.

प्रत्यक्ष कथनात "इन्क्विट" (म्हणाला) हे क्रियापद येतं, आणि ते बोलण्याच्या आत, पहिल्या एक-दोन शब्दांनंतर शिरतं. संस्कृत शिकलेल्यांना "इति" शेवटी शोधायची सवय असते. इथे खूण अगदी सुरुवातीला मिळते.

अप्रत्यक्ष कथनाची घडण वेगळी आहे. "की" सारखा शब्द नसतो. बोलण्यातल्या मुख्य विधानाचा कर्ता द्वितीया विभक्तीत जातो आणि क्रियापद इन्फिनिटिव्ह ("करणे" सारखं धातुरूप) होतं. आज्ञा आणि गौण वाक्यं सब्जंक्टिव्हमध्ये (इच्छा, शक्यता किंवा दुसऱ्याचं म्हणणं दाखवणाऱ्या क्रियारूपात) जातात. खरा प्रश्नही सब्जंक्टिव्हमध्ये जातो, तर उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न बहुधा इन्फिनिटिव्हमध्ये. एकदा "म्हणाला" येऊन गेलं की पुढे पानभर नुसती इन्फिनिटिव्ह येत राहतात. कधी "म्हणाला" मुळीच लिहिलेलं नसतं. "त्याने दूत पाठवला" एवढंच असतं आणि पुढच्या इन्फिनिटिव्हवरून दूताचा निरोप सुरू झाला हे समजतं. नवख्या वाचकाची वाट चुकते ती इथेच: तो निरोपातलं विधान लेखकाचं समजून बसतो.

३. अप्रत्यक्ष कथनात "से", "सुउस" म्हणजे नेमकं कोण? प्रत्येक वेळी गोंधळ होतो.

मराठी वाचकाला इथे आयती मदत आहे. "तो म्हणाला की आपण येणार नाही" या वाक्यातलं "आपण" बोलणाऱ्याकडे परत जातं. लॅटिनमधलं "से" तेच काम करतं. म्हणून अप्रत्यक्ष कथन मराठीत उतरवताना "तो, त्याला, त्याचा" यांची रांग लावण्यापेक्षा "आपण, आपला" वापरलेलं बरं. "गॅलिक युद्धा"त आरिओविस्टस या जर्मन राजाचं सीझरला उत्तर (१.३६) पाहा: आपण रोमन जनतेला तिचा हक्क कसा वापरावा हे सांगत नाही, तेव्हा रोमन जनतेनंही आपल्या हक्काच्या आड येऊ नये. अर्थ लगेच लागतो.

अडचण येते ती एका वाक्यात दोन "आपण" आले की. १.४० मध्ये घाबरलेल्या सैन्याला सीझर विचारतो: त्यांनी स्वतःच्या शौर्याबद्दल किंवा माझ्या दक्षतेबद्दल निराश का व्हावं? लॅटिनमध्ये सैनिकांच्या शौर्यासाठी "सुआ" आहे आणि सीझरच्या दक्षतेसाठी "इप्सिउस". निराश होण्याचा कर्ता सैनिक, म्हणून "सुआ" त्यांच्याकडे गेलं. बोलणाऱ्याला वेगळं दाखवायला "इप्से" आणावं लागलं. अशा जागी मराठीतही एकाला "स्वतःचा" आणि दुसऱ्याला नाव देऊन मोकळं व्हावं.

४. ही भाषणं खरोखर झाली होती का? शब्द खरे मानायचे का?

शब्द खरे मानू नयेत. भाषण झालंच नाही असंही त्यावरून ठरत नाही.

प्राचीन वाचकाला इतिहासकाराकडून शब्दशः नोंद अपेक्षितच नव्हती. त्या माणसाला, त्या प्रसंगी, शोभेल असं बोलणं लिहिणं हा इतिहासलेखनाचा भाग होता. लिव्हीच्या भाषणांची स्तुती करताना वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन हेच म्हणतो: प्रत्येक गोष्ट प्रसंगाला आणि व्यक्तीला जुळवलेली आहे. लेखक त्याची खूणही देतात. सॅलस्ट भाषणाआधी "अशा प्रकारचं भाषण केलं" असं लिहितो, पण पत्र देताना "त्याची प्रत खाली दिली आहे" असं लिहितो. हा फरक त्याने मुद्दाम राखला आहे. टॅसिटस ब्रिटनमधल्या कॅल्गाकसच्या (प्रश्न ११) भाषणाआधी "असं बोलला असं सांगतात" एवढंच म्हणतो.

फेरफार किती होत असे हे तपासायची एक दुर्मीळ संधी आपल्याकडे आहे, जरी ती रणांगणावरची नाही. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४८ मध्ये सिनेटपुढे गॉलमधल्या प्रतिष्ठितांना सिनेटचा मार्ग खुला करावा म्हणून भाषण केलं. त्याचा मजकूर कोरलेला ब्राँझचा पत्रा १५२८ मध्ये लियाँ इथे सापडला. हेच भाषण टॅसिटसच्या "ॲनल्स"मध्ये (११.२४) आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मुद्दा तोच, रोमन इतिहासातले दाखले त्याच जातीचे. पण क्लॉडियसची फाटे फोडत जाणारी शैली गेली आहे, क्रम बदलला आहे आणि वाक्यं टॅसिटसची झाली आहेत.

सगळ्यांना ही रीत मान्य होती असंही नाही. पॉम्पेयस ट्रोगस या इतिहासकाराने सॅलस्ट आणि लिव्ही यांना दोष दिला की त्यांनी प्रत्यक्ष भाषणं घालून इतिहासाची मर्यादा ओलांडली. म्हणून त्याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याचं लांबलचक भाषण अप्रत्यक्ष कथनात लिहिलं. या ट्रोगसचे वडील सीझरच्या पदरी पत्रव्यवहार, शिष्टमंडळं आणि मुद्रा सांभाळत होते. सीझरची शैली त्या घरात पोचली असेल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून "हे शब्द खरे का?" या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. आवाज कोणाला दिला, मन कोणाचं उघडलं आणि कोणाला गप्प ठेवलं, हे विचारा. ती निवड लेखकाची आहे, आणि ती पुरावा म्हणून पक्की आहे.

५. हजारो सैनिकांना सेनापतीचं भाषण ऐकू तरी कसं जात असे?

सगळ्यांना जात नसेच. रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पेविरुद्धच्या फार्सालसच्या लढाईत (इ.स.पू. ४८) सीझर स्वतःच्या बाजूला २२,००० आणि पॉम्पेच्या बाजूला ४५,००० माणसं सांगतो. एवढ्या रांगेपुढे एका जागी उभं राहून कोणी बोललं तर पुढच्या काही तुकड्यांपुरतंच.

लेखकांना हे ठाऊक होतं. साबिसवर (इ.स.पू. ५७) नर्व्ही ही टोळी अचानक तुटून पडली तेव्हा सीझर लिहितो की सगळं एकाच वेळी करायचं होतं, मग योगायोगाने समोर आलेल्या बाजूला धावत गेला, दहाव्या लिजनपाशी (लिजन म्हणजे काही हजार सैनिकांचं रोमन दल) पोचला आणि एवढंच बोलला की जुनं शौर्य आठवा, मनानं डगमगू नका, हल्ला नेटानं झेला (२.२१). पुढे परिस्थिती बिघडल्यावर त्याने मागच्या रांगेतल्या एका सैनिकाची ढाल घेतली आणि आघाडीवर जाऊन शताधिपतींना नावानं हाका मारल्या (२.२५). सॅलस्टच्या कॅटिलाइनवरच्या पुस्तकातला सेनापती पेट्रेयस, तीस वर्षांहून अधिक काळ सैन्यात काढलेला, घोड्यावरून फिरत एकेकाला नाव घेऊन बोलतो. लढाईतलं खरं बोलणं असंच तुकड्या-तुकड्यांचं असणार. ट्रासिमीन सरोवरावर (इ.स.पू. २१७) लिव्ही तर सरळ सांगतो की गोंगाटात ना सल्ला ऐकू येत होता ना हुकूम. तिथे लढणाऱ्यांची मनं इतकी गुंतली होती की इटलीतल्या अनेक शहरांचे मोठे भाग पाडणारा भूकंप त्यांच्यापैकी कोणालाच जाणवला नाही (२२.५).

सेनापती सैन्याशी प्रत्यक्षात कसा बोले याचा एक कोरीव पुरावा आहे: सम्राट हेड्रियनने इ.स. १२८ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या लाम्बेसिस इथे कवायती पाहून केलेली भाषणं. तो एकेका तुकडीशी वेगळं बोलतो. एका पायदळ तुकडीच्या घोडेस्वारांना म्हणतो की तुम्हाला छाप पाडणं मुळातच कठीण, आणि खास घोडदळाची कवायत नुकतीच झाल्यावर नापसंत न ठरणं त्याहून कठीण. सगळं बोलणं इतकं नेमकं आणि कामाचं आहे. लिव्हीतले सेनापती असं बोलत नाहीत.

६. "गॅलिक युद्धा"त सीझर स्वतः कधी थेट का बोलत नाही?

पूर्ण पुस्तकात एकदाही नाही. पहिल्या तीन ग्रंथांत तर कोणीच थेट बोलत नाही. वेसोन्टिओला (इ.स.पू. ५८) घाबरलेल्या सैन्यापुढचं त्याचं मोठं भाषण, ज्यात तो "बाकी कोणी आलं नाही तर दहाव्या लिजनला घेऊन एकटा निघेन" म्हणतो, तेही अप्रत्यक्ष कथनात आहे. पुढे डायो कॅसियस या ग्रीक इतिहासकाराने त्याच प्रसंगी सीझरच्या तोंडी लांबच लांब प्रत्यक्ष भाषण घातलं.

सीझर स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहितो, हे त्याच रीतीला धरून आहे. अप्रत्यक्ष कथनात वक्तृत्व झाकलं जातं आणि कारणं पुढे येतात. वाचकाला वाटतं, आपण भाषण ऐकत नसून निर्णयाचा अहवाल वाचतो आहोत.

मग पुस्तकातला पहिला थेट आवाज कोणाचा? इ.स.पू. ५५ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर सैनिक खोल पाण्याला भिऊन जहाजातच थांबले. तेव्हा दहाव्या लिजनचा गरुडध्वज धरणारा ओरडला: "देसिलिते, मिलितेस! उड्या टाका, गड्यांनो, गरुड शत्रूच्या हाती द्यायचा नसेल तर! मी तरी माझ्या राष्ट्राचं आणि सेनापतीचं देणं फेडलेलं असेल" (४.२५). त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. तीन ग्रंथांची शांतता मोडायला सीझरने एक निनावी ध्वजधारी निवडला आणि त्याच्या वाक्यात "सेनापती" हा शब्द ठेवला. इतकी कुशल निवड लॅटिन गद्यात क्वचित आढळते.

"यादवी युद्धा"त नियम सैल होतो: फार्सालसआधी सीझर स्वतः थोडक्यात थेट बोलतो (३.८५).

७. वेढ्याच्या आत, शत्रूच्या सभेत काय बोललं गेलं हे सीझरला कसं कळलं?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी क्रिटोग्नाटसबद्दल असतो. अलेसियाच्या वेढ्यात (इ.स.पू. ५२) अन्न संपत आलं तेव्हा तो म्हणतो, आपल्या पूर्वजांनी किंब्री आणि ट्यूटन यांच्या वेळी केलं तेच करू: लढायला निरुपयोगी असलेल्यांच्या मांसावर जगू (७.७७). "गॅलिक युद्धा"तलं हे सर्वांत लांब प्रत्यक्ष भाषण. सीझर तेव्हा तटाबाहेर होता.

शरण आलेल्यांकडून सभेचा सारांश कळू शकतो. कैदी, पळून आलेले लोक आणि सरदारांचे अहवाल हीच त्याची नेहमीची साधनं. पण इतकी घोटीव वाक्यं सीझरचीच. भाषण का देतो हे तो सांगतो: त्यातल्या असामान्य, अमानुष क्रौर्यामुळे ते वगळता येत नाही.

आता पुढचंच प्रकरण वाचा. अलेसिया ज्यांचं गाव होतं त्या मांडुबी लोकांना बायकामुलांसह बाहेर काढलं जातं. ते रोमन तटापाशी येऊन रडत विनवतात की आम्हाला गुलाम करा पण खायला द्या. सीझर पहारे बसवून त्यांना घेण्यास मनाई करतो. एवढं एक वाक्य. त्यांच्या तोंडी थेट शब्द नाहीत, सीझरच्या मनातलं काही नाही, आणि पुढे त्यांचं काय झालं तेही नाही. गॉल माणसाचं क्रौर्य पूर्ण भाषणात ऐकवलं जातं, रोमन क्रौर्य एका हुकमात उरकतं. ही दोन प्रकरणं वेगळी वाचू नयेत असा माझा आग्रह आहे.

८. शत्रू लॅटिनमध्ये बोलत असत का?

बहुतेक वेळा भाषेचा मुद्दा दडवलेला असतो; ब्रिटनचा कॅल्गाकससुद्धा रोममधल्या वक्तृत्वशाळेत शोभेल असं लॅटिन बोलतो (प्रश्न ११). पण लेखक भाषेचा उल्लेख करतो तेव्हा त्यामागे काही कारण असतं.

सीझर गायस वलेरियस नावाच्या विश्वासू माणसाला दुभाषा म्हणून वापरतो, आणि आरिओविस्टसला सरावाने गॉलांची भाषा येत असल्याचं नोंदवतो. सॅलस्टचा जुगुर्था लढाई रंगात असताना लॅटिनमध्ये ओरडतो की तुमचं लढणं व्यर्थ आहे, मारियसला मी आत्ताच माझ्या हाताने मारलं. आणि रक्ताळलेली तलवार दाखवतो. नुमान्टियाला रोमनांच्या बाजूने लढताना तो लॅटिन शिकला होता, हे सॅलस्ट तिथेच सांगतो ("जुगुर्था", १०१). रोमनांनी शिकवलेली भाषाच त्यांना घाबरवायला वापरली.

टॅसिटसमध्ये जर्मन नेता आर्मिनियस आणि रोमनांकडे राहिलेला त्याचा भाऊ फ्लावस वेझर नदीच्या दोन काठांवरून भांडतात, आणि आर्मिनियसच्या बोलण्यात बरंच लॅटिन मिसळलेलं असतं ("ॲनल्स", २.१०).

९. मनातले विचार लेखक कसे दाखवतात? "त्याने विचार केला" असं तर फारसं दिसत नाही.

दिसतं, पण दडलेलं असतं. "राटुस" (असं मानून), "वेरिटुस" (अशी भीती वाटून), "आर्बित्रातुस" (असा समज करून) अशी कृदन्तं वाक्याच्या पोटात विचार आणतात. सब्जंक्टिव्ह त्याहून सूक्ष्म काम करतो: "कारण" सांगणाऱ्या वाक्यात क्रियापद सब्जंक्टिव्ह झालं की ते कारण त्या पात्राचं ठरतं, लेखक त्याची हमी देत नाही.

सीझर शत्रूचा विचार कसा मांडतो ते "गॅलिक युद्धा"त ३.१८ मध्ये पाहा. त्याचा सरदार साबिनस एका गॉल माणसाला फितुराचं सोंग देऊन शत्रूकडे पाठवतो. गॉल का फसले याची कारणं सीझर ओळीनं देतो: आधीच्या दिवसांतला साबिनसचा कचखाऊपणा, फितुराची ग्वाही, अन्नाची टंचाई, वेनेटींच्या युद्धातून असलेली आशा, आणि शेवटी, माणसं बहुधा आपल्याला हवं तेच आनंदानं खरं मानतात. शत्रूच्या डोक्यात शिरता शिरता तो सगळ्या माणसांबद्दल बोलून जातो.

बोलणं आणि मन यांची फारकत सर्वांत धारदार दिसते ती फार्सालसमध्ये. घोडदळ हरलेलं पाहून पॉम्पे छावणीकडे वळतो आणि सैनिकांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात शताधिपतींना म्हणतो: "छावणी सांभाळा, काही वाईट घडलं तर नीट लढवा. मी बाकीचे दरवाजे फिरून पहारे पक्के करतो." आणि मग तंबूत जातो, सगळ्याची आशा सोडून, तरी निकालाची वाट बघत ("यादवी युद्ध", ३.९४). तंबूतलं मन सीझरला दिसणं शक्य नव्हतं. पण पराभूत प्रतिस्पर्ध्याला भित्रा ठरवायला एवढी अर्धी ओळ पुरली.

१०. विचार सांगितलेलाच नसेल तर?

मग शरीरं पाहा. सॅलस्ट यात श्रेष्ठ आहे. नुमिडियातल्या झामाच्या वेढ्यात तटावरचे लोक लांबवर चाललेली घोडदळाची लढाई बघत असतात. जुगुर्थाचं पारडं वर-खाली होईल तसे त्यांचे चेहरे बदलतात ("जुगुर्था", ६०). पिस्टोरियाच्या लढाईनंतर (इ.स.पू. ६२) बहुतेक प्रत्येकाचं प्रेत त्याने जिवंतपणी धरलेल्या जागेवरच पडलेलं, आणि कॅटिलाइन शत्रूच्या प्रेतांत, थोडासा श्वास चालू, चेहऱ्यावर तोच जिवंतपणीचा उग्रपणा. त्यानंतर त्याच्या मनात काय होतं हे वेगळं सांगायची गरज सॅलस्टला वाटली नाही.

११. "ओसाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात" हे टॅसिटसचं मत की कॅल्गाकसचं?

वाक्य लिहिलं टॅसिटसने, आवाज कॅल्गाकसचा. ग्राउपियस डोंगरावरच्या लढाईआधी (इ.स. ८३ किंवा ८४) हा कॅलेडोनियन नेता रोमनांबद्दल हे बोलतो ("अग्रिकोला", ३०). कॅल्गाकस या माणसाचं नाव इतर कुठल्याही ग्रंथात नाही. समोर रोमन सेनापती म्हणून उभा आहे तो अग्रिकोला, म्हणजे टॅसिटसचा सासरा, आणि पुस्तक त्याच्याच गौरवासाठी लिहिलं आहे.

म्हणून "टॅसिटस साम्राज्याच्या विरोधात होता" असा निष्कर्ष या वाक्यावरून काढू नका. पण हे नुसतं पात्राचं बोलणं म्हणूनही सोडू नका: अग्रिकोलाचं उत्तरादाखल भाषण या आरोपाला हातच घालत नाही. ते शिस्त, अनुभव आणि आजवरचे विजय एवढ्यावरच थांबतं.

१२. "हॅनिबल, तुला जिंकता येतं, विजय वापरता येत नाही" हे खरोखर म्हटलं गेलं का?

कॅनीच्या लढाईनंतर (इ.स.पू. २१६) हॅनिबलच्या घोडदळाचा प्रमुख माहारबाल याचं हे वाक्य लिव्हीने दिलं आहे (२२.५१). गोष्ट मात्र त्याच्या आधीची. थोरल्या केटोने सांगितलेल्या रूपात घोडदळाचा प्रमुख हॅनिबलला एवढंच म्हणतो: घोडदळ माझ्याबरोबर रोमला पाठव, पाचव्या दिवशी कॅपिटोलवर तुझं जेवण तयार असेल. जेवणाचं आमंत्रण लिव्हीने ठेवलं आणि हे झणझणीत वाक्य त्यावर चढवलं. एकच उद्गार पिढ्यान्‌पिढ्या कसा धारदार होत जातो हे इतकं स्पष्ट दिसणारी जागा दुसरी मला ठाऊक नाही.

१३. भाषण फसतं, किंवा भाषण जिंकतं आणि सैन्य हरतं, अशी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि तीच सर्वांत वाचनीय. कॅटिलाइन शेवटच्या लढाईआधी भाषणाची सुरुवातच अशी करतो की शब्दांनी शौर्य वाढत नाही हे मला पक्कं माहीत आहे.

अमियानसने वर्णन केलेल्या स्ट्रासबुर्गच्या लढाईत (इ.स. ३५७) ज्युलियन (पुढे सम्राट झालेला; तेव्हा त्याला "सीझर" ही पदवी होती) थकलेल्या सैन्याला सांगतो की आज विश्रांती घेऊ, उद्या लढू. सैनिक दात खातात, भाले ढालींवर आपटतात, एक ध्वजधारी "पुढे चल, सीझर" म्हणून ओरडतो. भाषण हरतं, लढाई जिंकली जाते.

उलट बाजू इ.स.पू. ५४ ची. एक लिजन आणि पाच कोहोर्ट (लिजनच्या दहाव्या भागाएवढ्या तुकड्या) घेऊन साबिनस (प्रश्न ९ मधलाच) आणि कोटा हे सरदार आटुआटुकाला अडकले आहेत. शत्रूचा नेता अँबिओरिक्स याच्या शब्दावर विसंबून छावणी सोडावी असं साबिनसचं मत. कोटाची शहाणी कारणं अप्रत्यक्ष कथनात येतात. वाद तापल्यावर साबिनस मुद्दाम सैनिकांना ऐकू जाईल असा आवाज चढवतो, आणि इथे सीझर त्याला प्रत्यक्ष कथन देतो: "जिंका तुम्ही, तसंच हवं असेल तर!" (५.३०). साबिनसचं म्हणणं चालतं. दुसऱ्या दिवशी वाटेत जवळजवळ सगळे मारले जातात. थेट आवाज हा सन्मान असतो असं मानणाऱ्यांनी ही जागा जरूर पाहावी. इथे तो आरोपीच्या जबाबासारखा आहे.

गेर्गोवियाला (इ.स.पू. ५२) हीच युक्ती हळुवारपणे वापरली आहे. जवळजवळ ७०० सैनिक आणि ४६ शताधिपती गेले. मरणाऱ्या मार्कस पेट्रोनियस या शताधिपतीला थेट शब्द मिळतात: मी कीर्तीच्या हव्यासाने तुम्हाला या संकटात आणलं, तुम्ही तरी जीव वाचवा (७.५०). त्याचा त्याग खरा असेल, तो वाचताना गलबलतं. पण पराभवाचा दोष सेनापतीवर न राहता सैनिकाच्या हव्यासावर गेला, आणि तोही त्याच्याच तोंडून.

१४. कवितेत हे वेगळं असतं का?

कवीला मनात शिरायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि भाषणांबद्दल शंका घ्यायचं कारणही नसतं. दोनच जागा सांगतो. व्हर्जिलच्या "एनीड"च्या शेवटी (ग्रंथ १२) जखमी टर्नस विनवतो, त्या बोलण्याने एनियस थबकतो, मन वळू लागतं; तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर, त्यानेच मारलेल्या पॅलास या एनियसच्या तरुण मित्राचा पट्टा दिसतो आणि शब्द निष्फळ होतात. लुकनच्या फार्सालसवरच्या महाकाव्यात (ग्रंथ ७) तर कवी स्वतःच्या मनाला म्हणतो की या भागापासून पळ, आणि रोमला सांगतो की या लढाईत तू जे केलंस ते मी बोलणार नाही.

१५. बोलणं अप्रत्यक्षातून अचानक प्रत्यक्षात शिरतं. ही हस्तलिखिताची चूक असते का?

क्वचितच. ही उडी बहुधा मुद्दाम असते. "गॅलिक युद्धा"त गॉलांचा नेता व्हर्सिन्गेटोरिक्स याच्यावर स्वतःच्याच लोकांकडून फितुरीचा आरोप होतो (७.२०). तो मुद्द्यामागून मुद्दा अप्रत्यक्ष कथनात खोडतो, आणि अचानक: "मी खरं बोलतोय हे कळावं म्हणून या रोमन सैनिकांचं ऐका!" आणि तो काही माणसं पुढे आणतो. ती रोमन सैनिक नसून आधीच पढवून ठेवलेले गुलाम आहेत, हे सीझर लगेच सांगतो. आवाज जिथे थेट झाला तिथेच फसवणूक सुरू झाली.

१६. साध्या सैनिकाच्या मनातलं कधी कळतं का?

ही शंका खुद्द टॅसिटसच्या जर्मानिकस या रोमन सेनापतीला पडली होती (इ.स. १६). त्याला वाटतं: अधिकारी खऱ्यापेक्षा गोड बातम्या देतात, मुक्त केलेले गुलाम गुलामासारखेच वागतात, मित्र खुशामत करतात, आणि सभेत चौघांनी सुरू केलं की बाकीचे ओरडतात. म्हणून तो रात्री जनावराचं कातडं पांघरून छावणीत फिरतो आणि जेवायला बसलेल्या सैनिकांचं बोलणं तंबूंना लागून ऐकतो ("ॲनल्स", २.१२–१३). लढाईआधीच्या भाषणांवर इतकी नेमकी टीका कुठल्याही आधुनिक अभ्यासकाने केलेली मी वाचलेली नाही. मात्र तंबूंतून जे ऐकू येतं ती त्याची स्तुतीच आहे, आणि ती ऐकवणारा पुन्हा टॅसिटसच.

१७. फार्सालसवर प्रेतं पाहून सीझर "यांना हेच हवं होतं" म्हणाला. मग ते त्याच्या पुस्तकात का नाही?

"होक वोलुएरुन्त" हे वाक्य चरित्रकार सुएटोनियसने दिलं आहे, आणि ते असिनियस पोलिओने शब्दशः नोंदवल्याचं तो सांगतो. पोलिओ त्या लढाईत सीझरच्या बाजूने हजर होता. पुढचे शब्दही आहेत: एवढी कामगिरी करूनही सैन्याची मदत मागितली नसती तर मी, गायस सीझर, दोषी ठरलो असतो.

स्वतःच्या पुस्तकात सीझरने त्या दिवसाचे अविस्मरणीय शब्द दुसऱ्याला दिले: क्रास्टिनस या जुन्या सैनिकाला. हल्ल्याआधी तो सेनापतीकडे पाहून म्हणतो, "आज मी असं करीन की जिवंत असो वा मेलेला, तुम्ही माझे आभार मानाल" (३.९१), आणि तोंडावर तलवारीचा घाव घेऊन मरतो (३.९९). पोलिओच्या वाक्यात सीझर युद्धाचं खरं कारण बोलून जातो: खटल्याची भीती. ते वाक्य "यादवी युद्धा"त आलं असतं तर आपण राष्ट्रासाठी आणि आपल्या प्रतिष्ठेसाठी लढलो, हा पुस्तकभर मांडलेला दावा टिकला नसता.